ब्लीड केलं की चालू, सकाळी परत बंद: बोटीच्या डिझेल इंजिनात हवा परत परत कुठून येते

प्रॉब्लेम असा असतो. सकाळी सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडतं, दोन-तीन मिनिटं एकदम छान चालतं, मग रेस आपोआप वर-खाली व्हायला लागते, दोन-तीन आचके देतं आणि बंद. परत सेल्फ मारला तर नुसतं फिरत राहतं. मग पान्हा घेऊन खाली वाकायचं, फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, ढिला करायचा, फीड पंपाची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची, लिव्हर मारत बसायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल, स्क्रू आवळला की इंजिन चालू आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. रात्रभर बोट उभी राहिली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्या तीन सिलेंडरच्या इंजिनात हे जवळजवळ एक अख्खा सीझन चाललं होतं. हवा काढायला हात इतका बसला की दहा मिनिटांत काम व्हायचं, आणि ते दहा मिनिटांत होतंय म्हणूनच मी मूळ कारण शोधायचं टाळत राहिलो. एकदा खडकांच्या बाजूला वारा लोटत असताना इंजिन बसलं, तेव्हा नांगर वेळेवर धरला म्हणून वाचलो. त्या दिवसानंतर ठरवलं की आता हवा काढायची नाही, हवा कुठून येते ते शोधायचं. गळक्या होडीतलं पाणी कितीही उपसलं तरी भोक बुजत नाही, हे तसंच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे, कारण ती न कळल्यामुळेच लोक महिनोन्महिने चुकीच्या जागी शोधत राहतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ही ओढणारी बाजू आहे, पंप डिझेल ओढतो म्हणजे त्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो, त्यामुळे तिथे एखादा जॉइंट लूज असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर टपकत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. जॉइंट वरून कोरडाठाक दिसतो. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, फार नाही, साधारण 3 ते 6 पीएसआय, पण तेवढ्याने लीकेज असेल तिथे डिझेल बाहेर येतं आणि ओलं दिसतं. म्हणजे टॉर्च मारून जिथे ओलं दिसतंय तिथे आपण आवळत बसतो आणि हवा ज्या जागेतून येते ती जागा अगदी स्वच्छ कोरडी असते, आपण तिच्याकडे बघतही नाही.

आता रात्रीच का होतं. बऱ्याच बोटीत टाकी इंजिनपेक्षा खाली असते. इंजिन बंद झालं की नळीतलं डिझेल स्वतःच्या वजनाने टाकीकडे परत जायला बघतं, स्ट्रॉचं वरचं टोक बोटाने बंद धरलं तर आतलं पाणी जागेवर राहतं आणि बोट काढलं की खाली जातं, तसंच इथे. सगळे जॉइंट एअरटाइट असतील तर डिझेल आठवडाभर जागेवर राहतं. कुठेतरी केसाएवढी फट असली की तिथून हवा आत येते आणि डिझेल हळूहळू खाली सरकतं. सकाळी इंजिन चालू होतं ते पुढच्या फिल्टरमधल्या आणि इंजेक्शन पंपातल्या उरलेल्या डिझेलवर, ते संपलं की मागून रिकामी नळी येते. म्हणून ती दोन-तीन मिनिटं. लगेच दहा सेकंदांत बंद पडत असेल तर हवा इंजिनच्या जवळ शिरतेय असं समजायला हरकत नाही, पाच मिनिटांनी पडत असेल तर लांबून. हे काही शंभर टक्के पक्कं नाही, पण शोधायला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

तुमची टाकी इंजिनपेक्षा वर असेल तर हे गणित उलटं होतं, कारण मग इंजिन बंद असताना फटीतून डिझेल बाहेर यायला पाहिजे. तिथे उभ्या बोटीत काहीच ओलं दिसत नसेल तर जॉइंटच्या मागे लागण्याआधी टाकीकडे बघा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

एवढ्याशा हवेने एवढं मोठं इंजिन का बंद पडतं असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. जुन्या पद्धतीच्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात नोझल, म्हणजे इंजेक्टरचं सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारं टोक, साधारण 150 ते 250 बारला उघडतं. इंजेक्शन पंप एका वेळी एका थेंबापेक्षाही कमी डिझेल ढकलतो. डिझेलवर 200 बार दाब दिला तर ते जेमतेम एक-दीड टक्का आक्रसतं, म्हणजे पंपाने ढकललं की तो धक्का जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र तेवढ्या दाबाला दोनशेव्या हिश्शाएवढी होते. पंप ढकलतोय, बुडबुडा नुसता दबतोय आणि परत फुगतोय, नोझल उघडायचा दाब तयारच होत नाही. सेल्फ फिरतोय आणि एक्झॉस्टमधून धूरसुद्धा येत नाहीये तर समजायचं की डिझेल सिलेंडरमध्ये जातच नाहीये. पांढरा धूर येत असेल तर डिझेल जातंय पण पेटत नाहीये, तो वेगळा विषय.

हवा काढायची योग्य पद्धत आधी सांगतो कारण शोधताना ती वीस वेळा लागणार आहे. पण त्याच्याही आधी दोन इशारे.

पहिला इशारा, तुमचं इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणारं, असेल तर इंजेक्टरचे नट अजिबात ढिले करू नका. त्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, त्याची हवा काढायची पद्धत कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असते तीच वापरायची. आणि साध्या इंजिनातसुद्धा सेल्फ मारताना पाइपच्या तोंडाशी बोट, तळहात काहीही न्यायचं नाही, डोळ्यावर चष्मा पाहिजेच. दाबाने आलेली डिझेलची बारीक धार कातडीच्या आत घुसते, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. असं झालं तर दुखायची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना दाबाने डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं, यात बोट किंवा हात गमावलेले लोक आहेत.

दुसरा इशारा गाडीच्या मेकॅनिकला माहीत नसतो, तो फक्त बोटीचा आहे. समुद्राच्या पाण्याचा पंप सेल्फ मारतानाही फिरत असतो आणि ते पाणी एक्झॉस्टच्या वॉटरलॉक सायलेन्सरमध्ये जमा होतं. इंजिन चालू असलं की धुराचा जोर ते बाहेर फेकतो, पण नुसता सेल्फ मारत राहिलात तर फेकायला जोरच नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलेंडरमध्ये येतं. पाणी दबत नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमधल्या चमचाभर हवेपायी इंजिन उतरवावं लागतं. म्हणून हवा काढताना सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक, बंद करायचा, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं, आणि इंजिनने पकडलं की त्याच क्षणी सी-कॉक उघडायचा नाहीतर पाण्याच्या पंपातला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरून जळतो. मी सी-कॉक बंद केला की इंजिनची चावी काढून त्याच कॉकच्या हँडलला अडकवतो, सेल्फ मारायला चावी घ्यायला गेलो की कॉक बंद आहे हे आपोआप आठवतं.

आता हवा काढायचा क्रम. टाकीकडून इंजिनकडे जायचं, मध्ये उडी मारायची नाही. टाकीचा कॉक उघडा आहे ना बघायचं. पहिला फिल्टर, म्हणजे पाणी वेगळं करणारा बाऊलवाला, तो वरपर्यंत स्वच्छ डिझेलने भरायचा, झाकण लावायचं. मग इंजिनवरच्या बारीक फिल्टरचा ब्लीड स्क्रू दोन फेरे ढिला करायचा, खाली फडकं किंवा जुना डबा धरायचा, कारण डिझेल इंजिनच्या रबरी माउंटिंगवर सांडत राहिलं की रबर मऊ पडतं आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, गेलं की बिल्ज पंप ते समुद्रात टाकतो. फीड पंपाची लिव्हर मारायची. लिव्हर हाताला अगदीच सैल लागत असेल, काही ओढत नाहीये असं वाटत असेल, तर पंप खराब झाला असं लगेच ठरवू नका, बहुतेक वेळा कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या वर येऊन थांबलेला असतो. क्रँकची पुली पान्ह्याने एक फेरा फिरवा, कॅम अर्धा फेरा फिरतो, लिव्हरला जोर येतो. हे माहीत नसल्यामुळे मी एकदा चांगला पंप काढून ठेवला होता.

फेस संपून सलग डिझेल आलं की लिव्हर मारत असतानाच स्क्रू आवळायचा, थांबून आवळला तर शेवटच्या क्षणी थोडी हवा परत ओढली जाते. आवळताना जोर लावू नका, फिल्टरचं डोकं बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं असतं, एकदा आटे गेले की नवीन दुखणं तयार. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसंच. मग शेवटी इंजेक्टरच्या टोकाचे नट, साधारण एक फेरा ढिले, दोन पान्हे वापरायचे म्हणजे पाइप पिळला जात नाही, थ्रॉटल फुल, स्टॉप लिव्हर आत, आणि सेल्फ. आधी फुसफुस येते, मग ठिपके, मग टच् टच् करून उडणारं डिझेल. तिन्ही सिलेंडरचे नट उघडायची गरज पडतेच असं नाही, दोन उघडले की बऱ्याचदा तिसऱ्यावर इंजिन पकडतं आणि बाकीच्यांची हवा स्वतः काढून टाकतं. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांना सेल्फ ब्लीडिंग असं म्हणतात, म्हणजे हवा रिटर्न लाइनने, जादा डिझेल परत नेणाऱ्या नळीने, टाकीत जाते, ते खरं आहे पण फिल्टर पूर्ण रिकामा झाला असेल तर त्यालाही हाताने मदत लागतेच.

हे झालं हवा काढायचं. आता शोधायचं, आणि इथे घाई नको.

सगळ्यात आधी पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टी. टाकीचा हवा घ्यायचा पाइप, म्हणजे व्हेंट, तो मोकळा आहे का. इंजिन तास-अर्ध्या तासाने बंद पडत असेल तर लगेच डेकवरचं डिझेल भरायचं झाकण उघडा आणि कान द्या, फुस्स करून हवा आत गेली तर व्हेंट चोंदलाय, किडे घर करतात, मीठ साचतं, रंग मारताना भोक बुजतं. दुसरं, टाकीत डिझेल किती आहे. पाव टाकी असेल आणि बोट हेलकावे खात असेल तर पिकअप नळीचं तोंड उघडं पडून हवा ओढते, शांत पाण्यात काही नाही आणि लाटेत बंद, असं असेल तर बहुतेक हेच, नाहीतर तळाचा गाळ ढवळून फिल्टर चोंदतोय. तिसरं म्हणजे तोच फिल्टर. चोंदलेला फिल्टर स्वतः हवा आत सोडत नाही, पण पंपाला जास्त जोराने ओढायला लावतो, आणि जी बारीक फट एरवी गप्प असते ती त्या ओढीने हवा घ्यायला लागते. नवीन फिल्टर टाकल्यावर हवेचा त्रास महिनाभर थांबला आणि परत आला असं कुणी सांगितलं की मला हेच आठवतं, फट तिथेच आहे, फक्त ओढ कमी झाली होती.

यातलं काही नसेल तर कॅनची परीक्षा. स्वच्छ डिझेलचा पाच-दहा लिटरचा कॅन घ्या, फीड पंपाची येणारी नळी काढून पंपाला एक नवीन छोटी नळी लावा आणि तिचं दुसरं टोक कॅनच्या तळाशी, जमलं तर रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये. कॅन पंपापेक्षा खाली ठेवा, हे महत्त्वाचं, वर ठेवला तर फट असली तरी कळणार नाही. हवा काढा, इंजिन चालवा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी परत चालवा. सुरळीत चाललं तर पंपापासून पुढचं सगळं निर्दोष, दोष टाकी ते पंप या पट्ट्यात. कॅनवरही तेच झालं तर पंप बघा. जाताजाता सांगतो, पंपाचा डायफ्राम फाटला असेल तर काही इंजिनांत डिझेल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिन ऑइल असतं तिथे, उतरतं, म्हणून इंजिन ऑइलची डिपस्टिक बघा, पातळी न भरता वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंजिन चालवू नका, आधी पंप आणि ऑइल बदला.

माझं इंजिन कॅनवर दोन दिवस तक्रार न करता चाललं. मग डिझेलला चालणारी पारदर्शक नळी आणली, वीतभर तुकडा, तो आधी पहिला फिल्टर आणि फीड पंप यांच्या मध्ये बसवला. ही नळी फक्त शोधण्यापुरती, कायम ठेवायची नाही, आगीत ती टिकत नाही. मागे पांढरा कागद धरला आणि टॉर्च बाजूने मारला. पहिल्या मिनिटात काही नाही. मग टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, एकामागे एक, नळीच्या वरच्या बाजूला चिकटून सरकत पंपाकडे जाताना दिसले, रेस वाढवली की त्यांची माळ व्हायची. इतके महिने ज्याला शोधत होतो ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

मग तोच तुकडा फिल्टरच्या आधी, टाकीच्या बाजूला बसवला. तिथे डिझेल एकदम स्वच्छ, एक बुडबुडा नाही. म्हणजे टाकी, टाकीचा कॉक, लांबची नळी सगळं बाद, दोष फिल्टरमध्ये किंवा त्याच्या बाहेर जाणाऱ्या जॉइंटमध्ये.

फिल्टरमध्ये बघायच्या जागा सांगतो. झाकणाची ओ-रिंग, नवीन बसवताना जुनी खाचेत चिकटून राहिली आणि दुसरी तिच्यावर बसली असं फार वेळा होतं, खाच नखाने चाचपून बघा. ओ-रिंग कोरडी बसवू नका, डिझेलचं बोट फिरवा. झाकणाच्या टी-हँडलखाली एक छोटी ओ-रिंग असते, ती लोक विसरतातच, फिल्टरच्या पाकिटात येते आणि पाकिटाबरोबर कचऱ्यात जाते. खालचा पाणी काढायचा कॉक, त्याच्या सीटवर वाळूचा कण अडकला तरी हवा येते. बाऊलचं गॅस्केट.

माझ्याकडे हे सगळं ठीक निघालं. शेवटी बाहेर जाणाऱ्या पितळी निपलवरून, म्हणजे नळी जिच्यावर चढवतात त्या दातेरी तोटीवरून, नळी काढली, निपल पुसून त्यावरून नख फिरवलं आणि नख अडकलं. निपलच्या दात्यांवरून आडवी नाही तर उभी, टोकापासून बुडापर्यंत एक चीर. आधी कधीतरी कुणीतरी घट्ट बसलेली नळी काढायला तिच्यावरून सरळ ब्लेड मारलं होतं आणि ब्लेड पितळेपर्यंत पोचलं होतं. वरून नवीन नळी, नवीन क्लॅम्प, तोही डबल, सगळं दिसायला उत्तम, आणि खाली टोकापासून बुडापर्यंत हवेला जायला बारीक कालवा. क्लॅम्प कितीही आवळला तरी रबर त्या चिरेत बसत नव्हतं. निपल बदललं आणि त्रास थांबला.

म्हणून जुनी नळी काढताना गरम पाण्याचं फडकं गुंडाळा, पिळून सैल करा, कापायचीच असेल तर तिरकी आणि वरवर कापा, धातूपर्यंत ब्लेड जाऊ देऊ नका. नळी जुनी असेल तर टोकाचा इंचभर कापून आत बघा, आतला थर सुटून लोंबत असतो आणि पडद्यासारखा डिझेल अडवतो. नवीन नळी आयएसओ 7840 ची घ्या, इंजिनच्या खोलीसाठी आगीला टिकणारी तीच.

बँजो बोल्टचे, म्हणजे आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात, परत तेच लावले तर सील होत नाहीत. नवीन लावा, नसतील तर ज्योतीवर लालबुंद करून थंड करा, तांबं परत मऊ होतं, दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरने काचेवर घासून सपाट करा. हे डेकवर किंवा किनाऱ्यावर करा, उघड्या डिझेलजवळ ज्योत नको. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका, तिचा तुकडा सुटला की पुढे जाऊन पंपात किंवा नोझलमध्ये अडकतो, डिझेलला चालणारं लिक्विड सीलंट लावा आणि तेही पहिले दोन आटे सोडून. फ्लेअर जॉइंटला काहीच लावायचं नसतं, तो धातूला धातू बसतो.

साबणाच्या पाण्याची परीक्षाही करता येते, टाकीचा कॉक बंद करून फक्त मधल्या लाइनमध्ये 2-3 पीएसआय हवा भरायची आणि जॉइंटवर फेस लावायचा, टाकीत दाब भरायचा नाही. पण काही फटी फक्त ओढल्यावर उघडतात आणि दाब दिल्यावर ओ-रिंग बाहेरच्या बाजूला दबून बंद होतात, त्यामुळे फेसात काही दिसलं नाही म्हणून लाइन पास झाली असं धरू नका, माझा जास्त भरवसा पारदर्शक नळीवर आहे.

दुरुस्ती झाली की लगेच तुकडा काढू नका. इंजिन अर्धा तास चालवून बंद करा, पारदर्शक नळीत डिझेल पूर्ण भरलेलं आहे ना बघा आणि बोट बारा तास तशीच सोडा. सकाळी सेल्फ मारायच्या आधी टॉर्च घेऊन नळी बघा. वरच्या बाजूला हवेचा पट्टा दिसला तर अजून एक फट आहे, नळी काठोकाठ भरलेली असेल तर तुकडा काढून कायमची नळी बसवा, शेवटची एकदा हवा काढा आणि सी-कॉक उघडलाय ना ते बघा.